सातवीच्या खांद्याचं माप

काटाबाईंना फसवणं सोपं नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त ठाऊक होती ती खुद्द काटाबाईंनाच.

त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. काचेच्या बाटल्या तपासून भरायचा तो कारखाना. तिथल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाईंची खोली होती. तोंड खुपसायला डोक्याच्या बाजूला भोक असलेला उंच पलंग, एक फिरतं स्टूल, भिंतीवर मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंचं लालभडक चित्र आणि कोपऱ्यात कुलपाचं कपाट. त्या कपाटात काटा असे. मुठीएवढी गोल तबकडी, टायरमधली हवा बघतात तसल्या यंत्रासारखी. पुढे बोटाच्या पेराएवढं रबरी टोक, मागे वायर, आणि वायरच्या शेवटाला एक काळं बटण. टोक खांद्यावर टेकवून बाई हळूहळू दाब वाढवत जात. बटण पेशंटच्या हातात. नुसता दाब आहे तोवर गप्प राहायचं, दाबाचं दुखणं झालं रे झालं की बटण दाबायचं. काटा जागच्या जागी अडकतो आणि बाई आकडा लिहून घेतात. चांगला खांदा चारेक किलोपर्यंत तक्रार करत नाही. दुखरा खांदा दोनाच्या आतबाहेरच बोंब मारतो.

बाई शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट होत्या आणि त्यांच्या अंगठ्यात खरोखरच गुण होता. आखडलेल्या स्नायूतली गाठ त्या डोळे मिटून शोधून काढत. पण कारखान्याने त्यांना ठेवलं होतं ते गाठी सोडवण्यापेक्षा माणसं पकडण्यासाठी. मान दुखते, खांदा दुखतो, उभ्याचं काम झेपत नाही असा अर्ज आला की तो बाईंकडे येई. पहिल्या दिवशी माप, मग तीन आठवड्यांत सहा वेळा उपचार, शेवटी पुन्हा माप. त्यानंतर बाई दाखला देत. दाखला दोनच प्रकारचा असे. 'दुखणं आढळलं' किंवा 'बनाव'. पहिला मिळाला तर बसून करायचं काम. दुसरा मिळाला तर महिनाअखेरीस घरी.

बाईंचा संशयी स्वभाव काही या नोकरीने लागला नव्हता. तो लहानपणापासूनचा. त्या नऊ वर्षांच्या असताना घरात काका होते, आणि काकांची पाठ होती. त्या पाठीपुढे सगळं घर वाकून असे. काका सहा वर्षं पुढच्या खोलीत आडवे होते आणि काकू त्यांना उचलून, कुशीवर वळवून, पाणी पाजून अर्धी झाली होती. एक दिवस शाळा लवकर सुटली. पोर घरी आली तर काका स्टुलावर उभे, दोन्ही हात वर, माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढताहेत. पोरीने जाऊन काकूला सांगितलं. काकूने खाडकन तिच्याच मुस्कटात मारली. त्या दिवसापासून 'दुखतं' हा शब्द ऐकला की बाईंच्या कपाळावर आठी चढे, मग म्हणणारा कुणी का असेना.

नवऱ्याला ताप आला तर त्या दोन थर्मामीटर लावत, एक दुसऱ्यावर लक्ष ठेवायला. नवरा भूमिती शिकवायचा, स्वभावाने गरीब. तो नुसता म्हणे, "अगं, मी आजारी आहे, आरोपी नाही." शेजारच्या आजोबांची काठी उजव्या हातातून डाव्या हातात गेलेली बाईंनी दोनदा पाहिली होती आणि त्या तिसऱ्या वेळेची वाट बघत होत्या. लेक तिसरीत असताना मनगट दुखतं म्हणाली, तेव्हा तिला बाईंनी तस्संच शाळेत पाठवलं. संध्याकाळी मनगट सुजून टम्म झालं, हाड मोडलं होतं. बाई रडल्या, पण दोनच दिवस. त्यानंतर लेक कधीही, काहीही दुखतं म्हणाली नाही, आणि बाईंनी चारचौघांत सांगायला सुरुवात केली की पोरगी मोठी कणखर निघाली हो.

तर अशा बाईंकडे सातवी आली.

बाटल्यांच्या पहिल्या पट्ट्यावर चौदा बायका उभ्या असत आणि ही सातव्या जागेवर, म्हणून सगळे तिला सातवी म्हणत. अडतिशीची, हाडापेराने रुंद, बोलायला कंजूष. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात, त्यांच्याकडे मान वाकवून बघायचं आणि तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की ती उचलून टाकायची. चौदा वर्षं ती हेच करत होती. आता उजवा खांदा धरला होता, हाताला मुंग्या यायच्या, आणि मागच्या महिन्यात दोनदा बाटली बोटांतून निसटली होती. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, तिला रोज उचलायची. लेबलं तपासायच्या टेबलापाशी एक बसायची जागा रिकामी झाली होती, तिच्यासाठी सातवीने अर्ज केला होता.

"केव्हापासून दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"मग दोन वर्षं काय करत होतात?"

"काम," सातवी म्हणाली.

बाईंना हे उत्तर उद्धट वाटलं. त्यांनी काटा काढला, बटण तिच्या हातात दिलं, काय करायचं ते समजावलं आणि मानेच्या मुळाशी, खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूवर टोक टेकवलं. दोन झाले, तीन झाले. सातवी गप्प. चार, पाच. सातवीचा अंगठा बटणावर होता पण हलत नव्हता. सहा. बाईंच्याच दंडाला रग लागली. सातला बटण दाबलं गेलं. पुन्हा मोजलं, पुन्हा सात. डाव्या बाजूला साडेसात.

बाईंनी आकडे लिहिले आणि मनातल्या मनात हसल्या. सात! हा खांदा आहे की ओंडका? धडधाकट माणूससुद्धा चारपाचला हूं म्हणतो, आणि ही म्हणे दुखण्याने बेजार.

आता कुणी म्हणेल, ढोंग करणारी बाई लवकर बटण दाबेल, उशिरा कशाला दाबेल? बाईंकडे त्याचंही उत्तर तयार होतं. पूर्वी ढोंगी लोक टोक टेकताच बटण दाबत. एकदा अर्ध्या किलोला, एकदा तिनाला, एकदा एकाला. खरं दुखणं असं उड्या मारत नाही, त्यामुळे ते झटकन सापडत. बाईंनी असे कितीतरी पकडले होते. हे कारखान्यात पसरलं आणि, बाईंच्या मते, पहिल्या पट्ट्यावरच्या बायकांनी शक्कल काढली. लवकर दाबलं की पकडतात, तर उशिरा दाबा! कारण सात वर्षांत त्या पट्ट्यावरून अकरा जणी आल्या होत्या आणि अकराही जणींचे आकडे असेच वर, सहा, सात, आठ. बाकी कारखान्यात कुणाचेच असे नव्हते. टपाल विभागातला कारकून तर प्रत्येक वेळी दीडला दाबायचा, न चुकता, आणि त्याला पाठीला टेकू असलेली नवी खुर्ची मिळालीही होती. एकाच पट्ट्यावरच्या अकरा जणी, एकच तऱ्हा. याला संगनमत नाही तर काय म्हणायचं? अकराही दाखल्यांवर बाईंनी 'बनाव' लिहिलं होतं आणि त्यांना शांत झोप लागली होती.

तरीही उपचार त्यांनी मनापासून केले, कारण हात त्यांचे प्रामाणिक होते. डोक्यावर त्यांचा ताबा नव्हता इतकंच. सातवीला पालथं झोपवून त्यांनी गाठ शोधली. ती होतीच, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कडक. बाईंनी अंगठा त्यावर ठेवला आणि दाब देऊन दीड मिनिट तसाच धरला. अंगठ्याखाली स्नायूने एकदा माशासारखी तडफड केली. ती तडफड कुणाला मुद्दाम करता येत नाही, हे बाईंना पुस्तकातून आणि अनुभवातून ठाऊक होतं. पण त्यांनी स्वतःला बजावलं की अंगठ्याला काय, अंगठ्याला दया येते. काट्याला येत नाही.

"दुखलं की सांगायचं, बरं का," त्या सवयीने म्हणाल्या. "लगेच सांगायचं. मी थांबेन."

पहिल्या दोन खेपांना सातवीने काहीच सांगितलं नाही. भोकातून खाली जमिनीवर टप टप पाण्याचे थेंब पडले, तेव्हा बाईंना कळलं की ही रडते आहे. त्यांनी अंगठा उचलला. "अहो, सांगायचं ना!" त्या वैतागून म्हणाल्या. सातवीने मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंनी फार विचित्र काहीतरी केलं होतं.

तिसऱ्या खेपेला ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दुखतंय." बाई थांबल्या. चौथ्या खेपेला ती जरा लवकर म्हणाली, बाई लवकर थांबल्या. मग तिला बसवून त्यांनी तिच्या डोक्याला बाजूने हात लावला. "माझ्या हाताला हलकेच डोक्याने रेटा द्या. जोर नको. सहा मोजा. आता सोडा. श्वास सोडा." सोडला की बाई मान अलगद दुसरीकडे झुकवत आणि स्नायू आणखी थोडा लांब होई. पाचव्या खेपेला 'द्या' आणि 'सोडा'चं 'दे' आणि 'सोड' झालेलं होतं, ते कधी झालं हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. सातवीने सासूबद्दल सांगितलं, ती म्हातारी रोज नवीन शिवी शोधून काढते म्हणाली. बाई खो खो हसल्या. सातवीही हसली, आणि खांदा धरून म्हणाली, "हसलं की दुखतं हो बाई."

घरी नवऱ्याला बाई म्हणाल्या, "गोड बोलून मला गुंडाळायला बघतेय."

"कोण?"

"आहे एक."

सहाव्या खेपेनंतर शेवटचं माप. उपचारांनी दुखरेपणा कमी होतो, म्हणजे आकडा वर जायला हवा. दोनवाला साडेतीनला जातो, तीनवाला चारला. बाईंनी टोक टेकवलं. एक. दोन. आणि खट्‌कन बटण दाबलं गेलं. पुन्हा मोजलं. दोन आणि थोडं. तिसऱ्यांदा तेवढंच. साताचे दोन!

बाईंना क्षणभर वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचाच राग आला. सहा वेळा अंगठा झिजवला, बरं वाटतंय असं ही स्वतःच्या तोंडाने म्हणाली, आणि आता दाखल्याची वेळ आली तर आकडा साताचा दोन? शेवटच्या दिवशी घाबरली आणि डाव बदलला, दुसरं काय! सातवी मात्र पलंगावर बसून निवांत पाय हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की बाईंची खात्रीच पटली. त्यांनी दाखल्यावर 'बनाव' लिहिलं आणि सोमवारी तो खाली कामगार अधिकाऱ्यांकडे पाठवून दिला.

पण समाधान होईना. दाखला गेला तरी डोक्यात किडा वळवळत राहिला. सातवीला डाव बदलायला कुणी सांगितलं? या बायकांना शिकवणारी कुणीतरी गुरू असणार. ती सापडली की सगळं संगनमत उघडं पडेल. बुधवारी बाईंनी भांडारातून टोपी आणि तोंडावरची पट्टी मागून घेतली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा पहिल्या पट्ट्याच्या खोलीत शिरल्या. एका खांबाआड उभ्या राहिल्या. पायात उंच टाचांच्या चपला होत्या, त्यामुळे त्या कुणापासून लपल्या होत्या असं काही म्हणता येणार नाही. पण बायकांना मान वर करायची सोय नव्हती.

चौदा माना एकाच कोनात वाकलेल्या. बाटल्यांचा खणखणाट एवढा, की बोलणं शक्यच नाही. प्रत्येकीच्या डाव्या हाताशी भिंतीवर तळव्याएवढं लाल बटण होतं आणि समोर एक काळा फळा. बाई गुरू शोधत होत्या. तेवढ्यात दुसऱ्या जागेपाशी एक बाटली फाटकन फुटली. काचा पट्ट्यावर पसरल्या आणि पट्ट्याबरोबर सरकू लागल्या.

बाईंना वाटलं, आता पट्टा थांबेल. थांबला नाही. तिसरीने हात घालून एक मोठा तुकडा उचलला, चौथीने दोन. पाचवीने भुवया उडवून पुढच्यांना खूण केली. बाटल्या तपासणंही चालूच, काचा वेचणंही चालूच. सातवीने डाव्या हाताने एक काच टिपली, उजव्याने बाटली उचलली, ती उचलताना तिचा खांदा कानाला टेकला आणि चेहरा पिळवटून निघाला. तिचा डावा अंगठा लाल बटणावर जाऊन विसावला. नुसता विसावला. हातमोज्याच्या बोटातून रक्त यायला लागलं होतं.

"अहो, बटण दाबा की!" बाई खांबाआडून ओरडल्या.

देखरेखीचा माणूस दचकून वळला. त्याने बाईंना ओळखलं आणि हसला. "काय बाई, वाट चुकलात? इथे कुणी बटण दाबत नाही."

"का? बंद आहे?"

"चालू आहे की. पण दाबलं तर अख्खा पट्टा थांबतो, घंटा होते, वरून साहेब येतात." त्याने फळ्याकडे हनुवटी उडवली. वर लिहिलं होतं, 'पट्टा कोणी थांबवला'. खाली एकही नाव नव्हतं. "तीनदा नाव लागलं की छुट्टी. मागे एकीने माशी बसली म्हणून दाबलं होतं. आता या बाया हात तुटला तरी दाबणार नाहीत. अशी शिस्त दुसऱ्या कुठल्या पट्ट्यावर नाही बघा."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. पाणी प्यायची सुट्टी झाली तशा त्या सातवीच्या मागोमाग नळापाशी गेल्या. सातवी हातमोजा काढून बोट धूत होती. बाईंना बघून तिला आनंदच झाला.

"पहिल्या दिवशी," बाई म्हणाल्या, "मी खांदा मोजला तेव्हा तू सातला बटण दाबलंस. त्याच्या आधी दुखत नव्हतं?"

"दुखत होतं की. तुम्ही टेकवलंत तेव्हापासून."

"मग दाबलं का नाहीस? मी सांगितलं होतं ना, दुखायला लागलं की दाब म्हणून?"

सातवीला प्रश्नच कळेना. "दुखतं म्हणून कोण बटण दाबतं, बाई? अगदीच डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा दाबलं. घाबरतच दाबलं."

"आणि शेवटच्या दिवशी? दोनाला?"

सातवी लाजून हसली. "तुम्ही रोज म्हणायच्या, सांग, मी थांबते. आणि खरंच थांबायच्या. मला वाटलं, तुमचं बटण वेगळं असेल."

बाईंनी नळाची तोटी उगाचच बंद केली, पुन्हा उघडली. 'मी बनाव लिहिलंय' हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. पण सातवीचा तो चेहरा बघून त्यांची हिंमत झाली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं धुंडाळणाऱ्या बाईंना एक साधं खरं सांगता आलं नाही. "बोटाला पट्टी लाव," एवढंच म्हणून त्या निघाल्या.

खोलीत येऊन त्यांनी खालचा खण उपसला. अकरा कागद काढून पलंगावर ओळीने मांडले. सहा, आठ, सात, साडेसात. प्रत्येकीपुढे त्यांच्या स्वतःच्या सुबक अक्षरात 'बनाव'. एकीची त्यांना आठवण होती. ती आठ किलोला दाबून पलंगावरून उठली आणि भिंत धरून उभी राहिली होती, आणि बाईंनी मनात म्हटलं होतं, काय नाटकी आहे! आता त्या अकरांतली एकही कारखान्यात नव्हती. संगनमत म्हणे. कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं. त्या फळ्याने सगळ्यांना एकच धडा दिला होता, आणि बाईंनी तो खांद्यांवर मोजून शिक्षा दिली होती. बाईंना स्वतःची एवढी लाज वाटली की त्यांनी उठून दार लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी त्या कामगार अधिकाऱ्यांसमोर बसल्या. साहेब सभ्य गृहस्थ होते, टेबलावर धूळ नाही, आवाज कधी चढत नाही.

"सातवीचा दाखला चुकलाय. मला तो परत हवा."

"मॅडम, तो तर कालच संध्याकाळी फाटकापाशी सूचनाफळ्यावर लागला," साहेब म्हणाले. "अर्ज खोटा ठरला म्हणून. आणि तुम्ही चुकता? सात वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत."

"अकरा वेळा चुकले. हिच्यासकट बारा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाईंनी सगळं सांगितलं, पट्टा, बटण, फळा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, तुमच्या अंगठ्याला काय वाटलं त्यावर मला जागा बदलता येत नाही. उद्या चौदाही जणी येतील. मला आकडा लागतो, तो तुम्हीच शिकवलाय आम्हाला. शेवटचा आकडा दोन आला ना? तोच पुन्हा माझ्यासमोर काढून दाखवा. तसा आला तर मी दाखला बदलतो आणि बसायची जागा तिची. नाही आला तर विषय संपला."

बाईंना हायसं वाटलं. दोन येणारच होता. नव्हे, खरा आकडा दोनच होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सातवी वर आली. साहेब आधीच स्टुलावर बसले होते. सातवीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. सूचनाफळा तिने वाचला होता, हे बाईंना तिच्या डोळ्यांवरून कळलं. तिथे आज राग नव्हता. काहीच नव्हतं. ती पलंगावर बसली, बटण हातात घेतलं, अंगठा त्यावर ठेवला.

"अगं, जसं त्या दिवशी केलंस तसंच," बाई म्हणाल्या. "दुखलं की लगेच. साहेब फक्त बघायला आलेत."

बाईंनी टोक टेकवलं. एक. दोन. बाई थबकल्या, तसूभरही न वाढवता थांबल्या. बटण दाबलं गेलं नाही. तीन. चार. साहेब तबकडीकडे बघत होते, बाई सातवीच्या अंगठ्याकडे. नख पांढरं पडलं होतं, पण अंगठा खाली जात नव्हता. टोकाखाली स्नायू तडफडला.

"दाब गं," बाई हळूच म्हणाल्या.

पाच. सहा.

"दाब. तुझ्या पाया पडते, दाब."

सातवीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती समोरच्या भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. सातच्या पुढे बाईंना हात रेटवेना. त्यांनी काटा उचलला आणि पलंगावर टाकून दिला.

"हिला दुखतंय!" त्या साहेबांवर ओरडल्या. "डोळे आहेत ना तुम्हाला? बघा तिच्याकडे!"

साहेबांनी खरोखरच सातवीकडे पाहिलं. अगदी सौम्यपणे विचारलं, "दुखतंय का तुम्हाला?"

"नाही साहेब," सातवी म्हणाली. "आता बरं आहे."

"खोटं बोलतेय ती!" बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी या खोलीत शेकडो वेळा उच्चारलं होतं आणि दर वेळी लोकांनी ते मानलं होतं. साहेबांनी त्यांच्याकडे किंचित दयेने पाहिलं.

"अर्ज मागे घेतलात तर मी सूचनाफळ्यावरचं काढून टाकतो," ते सातवीला म्हणाले. "जागा सातवीच. महिनाअखेरीचं काही नाही." सातवीने मान हलवली. साहेबांनी कागद पुढे केला, तिने सही केली, साहेब कागद घेऊन निघून गेले.

बाई दारात तिला आडव्या गेल्या. "हे बघ, मी वरपर्यंत लिहीन. माझ्या अकरा चुकांसकट लिहीन. काटा गेला खड्ड्यात. तू फक्त एकदा, कुणापुढेही, खरं सांग. मी आहे तुझ्या पाठीशी."

सातवीने बाहीने डोळे पुसले. बाईंना वाटलं होतं ती चिडेल, निदान दोन शब्द सुनावेल. ते परवडलं असतं. पण ती बाईंच्या दंडाला हलकेच हात लावून समजूत घातल्यासारखं म्हणाली,

"एकदा दाबलं ना बाई, तुमच्या भरवशावर."

सुट्टी संपायला चार मिनिटं उरली होती, म्हणून ती घाईघाईने जिना उतरून गेली.